न पाडलेली भोकं

श्रावणने माग थांबवून हाक मारली तेव्हाच काहीतरी बिघडलं हे यमुनाला कळलं. श्रावण वीस वर्षं मागावर बसलेला विणकर. दोरा तुटला तर तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडून स्वतःच गाठ मारायचा. कोणाला हाक मारायची त्याला सवयच नव्हती.

“यमुनाबाई, जरा इकडं या बरं. हे काय काढून ठेवलं तुमी?”

ती गेली. मागावर साडीचा बोटभर काठ विणून झाला होता आणि त्या काठात तिचं संत्रं उमटलं होतं. उमटलं होतं म्हणजे काय, नुसतं लोंबत होतं. केशरी दोरे कापडाला धरून बसायच्या ऐवजी वरच्या वर सुटे पडले होते, एकेक पेराएवढा. श्रावणने त्यात करंगळी घातली आणि उचलली, तर सगळं संत्रं बोटाबरोबर वर आलं.

“बाईमाणसाची बांगडी अडकली त सारा काठ उसवून येईन,” श्रावण म्हणाला. “अशी साडी कोन नेसन?”

तो मंगळवार होता. भोपाळचे साहेब शुक्रवारी यायचे होते.

सौंसरच्या या विणकर संस्थेत बारा माग होते, वर पत्र्याचं छप्पर, आणि कोपऱ्यात खिडकीजवळ यमुनाचं टेबल. लोधीखेड्याहून रोज सकाळच्या छोट्या गाडीने ती यायची आणि दिवसभर चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची. काम ऐकायला सोपं आहे. कागदावरची एक चौकट म्हणजे काठातला एक दोरा. चौकट रंगवली की पुठ्ठ्याच्या पत्त्यावर तिथं भोक पाडायचं, भोक असलं की मागाच्या डोक्यावर बसवलेलं जकार्डचं यंत्र तो दोरा वर उचलणार, नसलं की दोरा खाली राहणार. कागदाची एक आडवी ओळ म्हणजे एक पत्ता आणि धोट्याचा एक फेरा, आणि सगळे पत्ते ओवून त्यांची माळ मागावर चढायची. यमुनाने कागद रंगवायचा, नत्थूजींनी पत्ते पाडायचे, श्रावणने विणायचं. चार वर्षं असंच चाललं होतं आणि चार वर्षं यमुना रोजंदारीवर होती.

आता नक्षीकाराची पक्की जागा मंजूर झाली होती. सरकारी खात्याला उशिरा का होईना जाग आली होती, पण जाग आली ती अटीसकट. उमेदवाराने स्वतःची नवीन नक्षी काढायची, ती याच संस्थेच्या मागावर विणून साहेबांसमोर ठेवायची. नमुना पसंत पडला तर जागा यमुनाची. नाही पडला तर नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेतून शिकून आलेल्या एका मुलाचा अर्ज मॅनेजर पुंडलिकरावांच्या खणात येऊन पडलाच होता. पुंडलिकराव वाईट मनाचे नव्हते, पण तो खण ते दिवसातून दोनदा उघडून बघत, आणि यमुनाला ते दिसे.

म्हणूनच तिने या वेळी जीव ओतला होता. आजवर फांद्या, पानं, बारीक कळ्या काढल्या, आता पाच बोटं रुंद काठात भलं मोठं, गोल, भरीव संत्रं काढायचं ठरवलं. या भागात ज्याच्या त्याच्या बांधावर संत्रं, पण साडीवर ते कोणी एवढं मोठं आणलं नव्हतं. कागदावर ते इतकं छान दिसत होतं की पुंडलिकरावांनी चहा थंड होऊ दिला.

“पत्ते चुकले असतील,” यमुना म्हणाली.

पत्ते पाडणारे नत्थूजी लांबच्या रजेवर होते. पांढुर्ण्याच्या नेत्रशिबिरात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या जागी सुधाकर नावाचा तरुण आला होता, शिकून सवरून आलेला, बोलायला कमी आणि मोजायला पक्का. त्याने न रागावता पत्त्यांची माळ काढली, कागद शेजारी ठेवला.

“मोजून पाहा, यमुनाताई. तुमची एकेक चौकट अन् माहं एकेक भोक.”

तिने मोजलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. एक भोक जास्त नव्हतं, एक कमी नव्हतं. सुधाकरने पाडलं होतं ते अगदी तिने काढलं होतं तसंच होतं.

“तुमी संत्रा भरून काढला,” सुधाकर म्हणाला. “छत्तीस चौकटी एकाखाली एक. म्हणजे तो दोरा छत्तीस फेरे वरच राह्यला. खाली जाईनच नाही त कापडाले धरन कसा? नक्षी काढनाऱ्यानं महिनाभर पत्ते पाडायले बसलं पाहिजे, मी त असंच म्हनतो.”

“ज्याचं काम त्यानं करावं,” पुंडलिकराव लगेच म्हणाले. “बाईनं कागद काढावा. पत्ते तुमचं काम. उद्या म्हनसान श्रावणनं हिशोब लिहावा.”

हा वाद संस्थेत नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी उलट पुंडलिकरावांनीच एकदा यमुनाला म्हटलं होतं, फावल्या वेळात नत्थूजींजवळ बसत जा. ती बसली नाही. त्याला कारण होतं. तिची आई वच्छला जन्मभर दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडत आणि पेट्या भरत आली होती. ब्रश हातात आला तेव्हा आईने एकच गोष्ट सांगितली होती, “हे सोडून दुसरं काही हातात घेऊ नोको. लोकं पाह्यतीन, हिले हेबी येते, अन् तथीच बसवून ठेवतीन.” आई काही चूक सांगत नव्हती. बाईमाणूस, त्यातून बौद्धवाड्यातली. एकदा पत्त्यांना भोकं पाडायच्या ठोकणीवर बसली की नक्षीच्या टेबलावर कोण परत बोलावतं! म्हणून यमुना ठामपणे सांगायची, माझं काम रंगाचं आहे, भोकांचं नाही. सांगताना मान जरा ताठ व्हायची.

आता ती मान खाली गेली होती, पण डोक्यात दुसरीच एक गोष्ट फिरत होती. भरीव फुलं तर तिने आधीही काढली होती. मागच्या दिवाळीच्या काठात मोठं पान होतं, सगळं रंगवलेलं. ते का नाही लोंबलं?

तिने खुंटीवरची जुनी माळ काढली. कपाटातून आपला जुना कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोजायला बसली.

पहिल्याच पत्त्यावर एक भोक कमी निघालं. वाटलं, नजरचूक असेल. दुसऱ्या पत्त्यावर दोन कमी. तिसऱ्यावर दोन, पण वेगळ्या जागी. तिने दुसरी माळ काढली, मग तिसरी. चार वर्षांच्या एकाही नक्षीत तिने काढलं होतं तेवढं आणि तसं पाडलेलं नव्हतं. जिथं जिथं तिने भरून रंगवलं होतं तिथं तिथं नत्थूजींनी मधेच एखादं भोक पाडायचं सोडून दिलं होतं. त्या सोडलेल्या जागी दोरा खाली गेला होता, कापडाला एक टाका पडला होता, आणि तिचं पान पान राहिलं होतं. काही ठिकाणी तर पानाचं टोकही त्यांनी दोन घरं सरकवलं होतं. तिचं टोक जरा बोथट होतं. त्यांचं बरं होतं.

कितीदा तरी ती लोकांना म्हणाली होती, माझी नक्षी कागदापेक्षा कापडावर जास्त खुलते. श्रेय दोऱ्याला द्यायची. त्या प्रत्येक वेळी नत्थूजी शेजारी बसून ठोकत असायचे आणि त्यांनी कधी ब्र काढला नव्हता. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. मग या चार वर्षांतलं तिचं स्वतःचं काय होतं?

बुधवारी पहिल्या बसने ती पांढुर्ण्याला गेली. पिशवीत तो लोंबता नमुना होता. पांढुर्ण्यात उतरली तर संत्र्यांचे ट्रक भरत होते. तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नत्थूजींची मुलगी केसरबाई स्टेशनच्या अलीकडे राहायची. तिने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

खिडकीला चादर लावलेली होती. नत्थूजी खाटेवर बसले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. अजून चार दिवस पट्टी काढायची नव्हती.

“कोन हाये?”

“मी यमुना. सौंसरहून आली.”

“एवढ्या सकाळी? माग बंद पडले काय?”

तिने नमुना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बोटं फिरवली, आधी पाठीमागून, मग वरून. बोटं सुट्या दोऱ्यांत गेली आणि थांबली. मग ती कडेकडेने गोल फिरली, एक फेरा, दुसरा फेरा. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

“बाप्पा! एवढा मोठा संत्रा? सारा भरीव? हा आधी काऊन नाही काढला व?”

हे ऐकून तिचा तोल गेला. साहेब परवा यायचे आहेत, जागा हातची जाते आहे, आणि हे लहान पोरासारखे हसतात!

“नत्थूजी, चार वर्षं तुमी माह्या नक्ष्या बदलून राह्यले होते. मले एका शब्दानं सांगतलं नाही.”

“बदलल्या नाही. टाके देल्ले फक्त.”

“पानाचं टोक सरकवलं तुमी. दिवाळीच्या काठात. मी मोजलं.”

केसरबाईने आणलेलं पाणी यमुनाने घेतलं नाही.

“ते टोक, हाव,” ते शेवटी म्हणाले. “ते सरकवलं होतं.”

“सांगतलं काऊन नाही?”

“तू कधी विचारलं?”

विचारलं नव्हतं हे खरंच. विचारायला त्यांच्या ठोकणीजवळ जाऊन बसावं लागलं असतं.

रडायला येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. परतीची बस साडेअकराची होती. ती खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, “आता सांगा. शुक्रवारी साहेब येऊन राह्यले. नवे पत्ते पाडायले सवड नाही.”

“पाडू नोको. हायेत त्याच पत्त्यांची भोकं बुजव. कागदाचे तुकडे कर, खळ लाव, डकव. पन कोनती बुजवायची, ते आयक.” त्यांनी हात पुढे केला. “तुहा हात आन इकडं.”

तिने तळहात दिला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

“ही पह्यल्या पत्त्याची ओळ. चार भोकं ठेव, पाचवं बुजव. पुन्हा चार ठेव, पाचवं बुजव. आता दुसरा पत्ता.” बोट तळहातावर जरा खाली आलं आणि बाजूला सरकलं. “इथं दोन घरं सरक. मंग तसंच, पाचातलं एक. तिसऱ्या पत्त्यावर आखीन दोन घरं. सरकली नाही त तोच दोरा दर वक्ती खाली जाईन, अन् संत्र्यावर उभे पट्टे दिसतीन. सरकत गेली त टाका कोनाच्या नजरेत येनार नाही. म्हन आता.”

तिने म्हटलं. चुकली. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. तिसऱ्या वेळी तिनेच त्यांच्या तळहातावर बोटाने टाके मांडून दाखवले आणि त्यांनी पट्टीआडून मान हलवली.

बसमध्ये ती सबंध रस्ताभर आपल्याच तळहातावर बोट टेकवत होती. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं आणि टोपली मांडीवर घेऊन जरा पलीकडे सरकली.

गुरुवार सगळा कागदाचे तुकडे डकवण्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदा यमुना पत्त्यांच्या कामाला बसली, आणि आईचं बोलणं कानात वाजत असताना बसली. पुंडलिकराव एकदा येऊन पाहून गेले आणि त्यांनी जाऊन खण उघडला. सुधाकर न सांगता समोर बसला. ती जागा सांगायची, तो खळ लावून तुकडा दाबायचा. दोनशेच्या वर भोकं बुजवायची होती. चौथ्या-पाचव्या पत्त्यानंतर तिच्या ध्यानात आलं की आपण मोजत नाही आहोत, बोट आपोआपच पुढच्या जागी जातंय. एका पत्त्यावर ती चुकली तर सुधाकरच्या आधी तिलाच ते कळलं.

“आता तुमी शिकल्या, ताई,” तो म्हणाला.

“उद्यापर्यंत थांब,” यमुना म्हणाली. तिचा जीव अजून टांगणीलाच होता.

शुक्रवारी सकाळी श्रावण मागावर बसला. यमुना त्याच्या मागे उभी राहिली. धोटा गेला, आला, गेला, आला. केशरी कड दिसली. कड रुंद होत गेली. मधे एका जागी तुकडा सुटून पडला आणि एक दोरा वर राहिला. श्रावणने पाय थांबवला, सुधाकरने तुकडा पुन्हा डकवला, श्रावणने तेवढे फेरे उकलून परत विणले. आणि मग हळूहळू एक संत्रं वर आलं. गोल, भरीव, कापडाला घट्ट बिलगलेलं. श्रावणने करंगळी घालून पाहिली. करंगळी आत जाईना.

“आता हात लावा म्हना साहेबाले,” तो म्हणाला.

साहेब बारा वाजता पांढुर्ण्याहून जीपने आले. उंच, घाईतले, हिंदी बोलणारे. त्यांनी काठ पाहिला आणि सगळ्यांची अपेक्षा होती तसं छान म्हणायच्या ऐवजी कापड उलटं केलं. पाठ पाहत राहिले. साहेबांनी विचारलं, नक्षी तुमची, ते दिसतंय, पण हे टाके कोणाचे?

माझेच, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पुंडलिकराव डोळ्यांनी तेच सांगत होते. यमुनाने पाठीवरच्या टाक्यांवर बोट ठेवलं.

“आजपर्यंतचे सगळे नत्थूजींचे होते, साहेब. मला ठाऊकही नव्हतं. हे या संत्र्याचे माझे आहेत. परवा शिकले.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना एवढंच म्हणाले की यापुढे टाके कागदावरच मांडलेले हवेत, पत्ते पाडणाऱ्याच्या भरवशावर नकोत. ज्याला ते येतं त्यालाच आम्ही नक्षीकार म्हणतो.

हुकूम यायला दोन महिने लागले. ते दोन महिने यमुनाने कसे काढले ते तिलाच माहीत. दर टपालाला ती दाराशी जाऊन उभी राहायची. पण काम मात्र असं चाललं होतं की श्रावणला हाक मारायचं कारणच उरलं नाही. सहा नक्ष्या काढल्या, सहाही पहिल्याच खेपेला मागावर उतरल्या. टाके ती आता कागदावरच सोडायची. चार चौकटी रंगवल्या की ब्रश आपोआप पाचवीला उचलला जायचा. फार रुंद आकार आला की ती आधीच तो आवळून घ्यायची. कशाला उगीच जोखीम? सुधाकर खूश होता, पुंडलिकराव खूश होते. हुकूम आला त्या दिवशी आईने लोधीखेड्यात घरोघर साखर वाटली, आणि यमुनाला कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण गेलं.

त्याच आठवड्यात नत्थूजी कामावर परत आले. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि त्या चष्म्याचा कोण तोरा! बसच्या पाट्या वाचल्या, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, श्रावणला म्हणाले, तू एवढा म्हातारा कधी झाला बे? सगळे हसले. यमुनाने त्यांच्यासाठी एक नक्षी मुद्दाम मागे ठेवली होती, तिची आजवरची सगळ्यात बिनचूक. तिला त्यांना दाखवायचं होतं की आता त्यांना तिच्यामागे काही निस्तरावं लागणार नाही. सुधाकरच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, त्यावरच तिने ती ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

नत्थूजींनी कागद उचलून उजेडात धरला. ओळीओळीने बोट फिरवलं, वरून खाली, मग आडवं. कुठंही बोट अडलं नाही, कुठं रेंगाळलंही नाही.

“चांगली हाये,” ते म्हणाले. “एकबी टाका इकडचा तिकडं नाही. मले काही करायचं कामच नाही ठेवलं.” मग सुधाकरकडे वळून त्यांनी विचारलं, “तू काढली का?”

सुधाकरने नाही म्हणून मान हलवली आणि यमुनाकडे पाहिलं. चार वर्षं कागद पुढ्यात पडला की न विचारता तिचा हात ओळखणारा माणूस होता हा.

“मी काढली, नत्थूजी,” ती म्हणाली.

नत्थूजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने दोन्ही भिंगं पुसली, परत डोळ्यांवर चढवला आणि कागद पुन्हा एकदा नीट पाहिला.

“असन,” ते म्हणाले, आणि कागद खाली ठेवून पत्ते पाडायला बसले.